एकतीस नावांचं पाणी

व्हर्डेलने टिनचा पेला बादलीत बुडवला, कडेला निथळू दिला आणि लिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला.

"पर्सी."

"इथेच आहे," मागे उभी असलेली लिगाया म्हणाली.

"थेरॉन."

"इथेच आहे."

पाणी जिरायला आता वेळ लागत होता. बुंध्याभोवतीच्या आळ्यात छोटं तळं साचलं होतं आणि त्यात लिंबाची दोन पिवळी पानं तरंगत होती. व्हर्डेल घाई करत नसे. एक पेला, एक नाव, मागच्यांचं उत्तर, मग पुढचा पेला. अशी एकतीस नावं. पावसात, तापात, आणि ज्या वर्षी जगाचे दरवाजे बंद होते त्या वर्षीही ती तोंडाला फडकं बांधून एकटी येऊन हा नेम पाळून गेली होती. तेव्हा उत्तरंही तिनेच दिली होती.

शेवटचा पेला झाल्यावर तिने गुडघ्यावर हात टेकून पाठ सरळ केली.

"आता तू म्हणून दाखव. पाण्याशिवाय."

लिगायाने हात जॅकेटच्या खिशात घातले. आत तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, लहानपणी आजीने जपमाळेऐवजी फिरवायला शिकवला होता तसा. अठ्ठाविसाव्या नावाला ती अडली.

"मिस व्हर्डेल, एकदा लिहून दिलंत तर?"

"लिहायचं नाही."

"आता कोण काय करणार आहे आपलं?"

"तेव्हाही आम्हाला वाटायचं, कोण काय करणार आहे." व्हर्डेलने पेला बादलीत उपडा ठेवला. "वीस दिवस आहेत. येईल तुला. कुंभाराचं डोकं, जरा उशिरा भाजतं, पण भाजलं की पक्कं."

लिगाया हसली. तिच्या नखांत कालची माती अजून होती. झाडाकडे बघत ती म्हणाली, "पानं आणखी पिवळी झालीत. खत घातलं, औषध घातलं. यंदा लिंबं किती आली? चार."

"चार पुरतात," व्हर्डेल म्हणाली आणि आत गेली.

ओकलंडमध्ये फ्रूटव्हेलच्या बाजूला, एका बंद पडलेल्या गादी कारखान्याच्या मागच्या भागात ही जागा होती. पुढचा दरवाजा कारखानदाराचा होता, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळे बाजूच्या दाराने येत आले. संस्थेचं नावही तेच पडलं, साइड डोअर. काळ्या, तपकिरी माणसांपैकी जे पुरुष पुरुषांवर प्रेम करत, ज्या बायका बायकांवर, आणि जन्माबरोबर मिळालेलं नाव उतरवून ज्यांनी दुसरं घेतलं, त्यांना बसून चित्र काढता यावं, शिवता यावं, नाचता यावं, एवढ्यासाठी व्हर्डेल हॅस्किन्सने ती उघडली होती. ती स्वतः गोधड्या शिवणारी. सदुसष्ट वर्षांची झाली होती, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सगळं लिगायाच्या हाती सोपवून घरी बसायचं तिने ठरवलं होतं. सहा वर्षं दोघींनी मिळून ही जागा चालवली होती. बाकीचं सगळं लिगायाला येत होतं. अडत होतं ते हे पाणी.

साडेदहाला धुकं विरलं तेव्हा एफ्रेन आला. हातात गोड पावांची पिशवी, बोटांना छपाईची शाई. तोही कधीकाळी इथलाच विद्यार्थी. दर वर्षी एका कलावंताला मागच्या खोलीची किल्ली वर्षभरासाठी मिळत असे. थेरॉनची किल्ली म्हणत तिला. खोलीच्या दारावर पितळी पाटी होती, 'थेरॉन ब्रॉसार्ड स्मृती कक्ष'. किल्ली कोणाला द्यायची ते तिघांनी मिळून ठरवायचं, आणि नावं न बघता. प्रत्येकाने हाताच्या पंजाएवढा नमुना पाठवायचा. अर्ज बंद पाकिटात, पाकिटावरच्या पत्त्यांना काळी चिकटपट्टी, वर फक्त आकडा. तिघंही एका नमुन्याला हो म्हणाले की मगच पाकीट फोडायचं. पंचवीस वर्षांपूर्वी हा नियम व्हर्डेलनेच केला होता, कारण तिला माहीत होतं, आपल्या माणसांमध्येही आपली आणि जरा जास्त आपली असतात.

टेबलावर पंधरा नमुने मांडले होते. एफ्रेनने हात न पुसताच बोट दाखवलं.

"अकरा. मला वादच घालायचा नाही. हा माणूस मला इथे बसलेला बघायचाय."

"माणूस की बाई, अजून माहीत नाही," लिगाया म्हणाली.

"जे असेल ते. मला तरी कुठे बावीस वर्षं माहीत होतं."

अकरावा नमुना म्हणजे निळीत बुडवलेल्या जुन्या कापडांचा एक चौकोन होता. कुठे सदऱ्याची कॉलर, कुठे पिठाच्या पोत्याचा तुकडा. धावदोरा इतका दाट, की कापडाला पाण्यावरच्या लहरीसारखा फुगवटा आला होता. लिगायाने तो हातात घेतला, गालाजवळ नेला आणि मान हलवली. मग व्हर्डेलपुढे सरकवला.

व्हर्डेल कुठलीही गोधडी आधी उलट करून बघायची. तिने चौकोन पालथा केला. चष्मा नाकावर खाली ओढला. तिचं बोट अस्तरावरून हळूहळू गेलं आणि कोपऱ्यापाशी थांबलं. बराच वेळ ते तिथेच होतं.

तिने कापड खाली ठेवलं.

"हे नाही."

"का?" एफ्रेनने पाव तोंडातून बाहेर काढला.

"चोरलेलं आहे."

"कोणाकडून?"

लिगायाने कापड आपल्याकडे ओढून पालथं बघितलं. दोऱ्याची गाठ कुठेच नव्हती. टोक तीन टाके मागे नेऊन अस्तरात बुजवलं होतं. हा टाका तिच्या ओळखीचा होता. दर शनिवारच्या वर्गात व्हर्डेल तो शिकवायची.

"मिस व्हर्डेल, हा टाका तुम्ही या खोलीत दोनशे जणांना शिकवलात. त्यांनी काय तो कपाटात घडी करून ठेवायचा?"

"टाका शिकवला. लाल कोणाला शिकवला नाही."

तेव्हा लिगायाला तो दिसला. निळ्या अस्तरावर, कोपऱ्याजवळ, गव्हाच्या दाण्याएवढा एकच लाल टाका.

व्हर्डेल उठली. "मी जरा बाहेर बसते. पाव माझ्यासाठी ठेवा."

एफ्रेनने लिगायाकडे बघितलं. लिगाया तिच्या मागे गेली.

अंगणाच्या पायरीवर दोघी बसल्या. शेजारच्या गल्लीत कोणीतरी गाडी धूत होतं आणि रेडिओवर स्पॅनिशमध्ये फुटबॉलची बडबड चालू होती.

"थेरॉनची सवय होती ती," व्हर्डेल म्हणाली. "चूक झाली की तो उसवायचा नाही. मागच्या बाजूला, जिथे चुकलं तिथे, एक लाल टाका घालायचा आणि पुढे जायचा. मी म्हणायचे, अरे, उसवून टाक की. तो म्हणायचा, उसवलं तर पुन्हा तिथेच चुकेन. मी त्याच्या शेजारी बसून सात वर्षं शिवलं. मला तो दिसायचा. बाकी कोणाला नाही."

"कोणीतरी त्यांची गोधडी पालथी करून बघितली असेल."

"त्याच्या गोधड्या आहेत किती? तीन. तिन्ही माझ्याकडे."

थेरॉन आणि त्याचा जोडीदार पर्सी यांची गोष्ट लिगायाने तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. एड्सची वर्षं. पर्सी आधी गेला. त्याच्या घरच्यांनी या लोकांना दफनाला येऊ दिलं नाही, म्हणून सगळ्यांनी इथे जमून हे लिंबाचं रोप लावलं आणि त्याच्या नावाने पहिला पेला घातला. मग थेरॉन आजारी पडला आणि लुइझियानाला बहिणीकडे गेला.

"मी दर आठवड्याला पत्र लिहायचे," व्हर्डेल म्हणाली. "मग माझं ऑपरेशन झालं, दीड महिना लिहिता आलं नाही. नंतर लिहिलं ते परत आलं. पाकिटावर एक रेघ मारून लिहिलेलं, वारला. एवढंच. आणि आपण विश्वास ठेवला. त्या वर्षी अकरा जण गेले होते, लिगाया. खरं का, कधी, कसा, हे विचारायची कोणाला सवयच उरली नव्हती. नाव यायचं, आपण पेला भरायचो."

तिने पायरीवरचं एक वाळकं पान उचललं आणि मधल्या शिरेवर बरोबर घडी घातली.

"त्याच्या आधी मी बसचं तिकीट काढलं होतं. त्याला बघायला जायचं म्हणून. हे कोणाला सांगितलेलं नाही. काढलं, पर्समध्ये ठेवलं, आणि गेले नाही. ऑपरेशन वगैरे नंतर. तेव्हा मी धडधाकट होते. आणखी एक माणूस तसा बघायची माझी हिंमत नव्हती. मग त्याच्या नावाने खोली काढली, पाटी लावली. जायच्या ऐवजी."

लिगायाने तिच्या दंडाला दंड टेकवला. थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता फक्त एवढंच बघायचं ना, की अकरा नंबर कोण आहे?"

"तेच तर बघायचंय मला. आत्ता बघायचंय."

"तिघंही हो म्हणाले तरच पाकीट फोडता येतं."

"माझेच नियम मला शिकव."

"शिकवतेय."

व्हर्डेल उठली. मागच्या खोलीत गेली, खुर्चीत न बसताच टेबलावर तळहात टेकला आणि रागाने म्हणाली, "बरं. हो. माझं हो. फोड."

एफ्रेनने शाईच्या बोटांनी पाकीट फोडलं. कागद उलगडला. त्याने वाचलं, मग ओठ न हलवता पुन्हा वाचलं, आणि कागद लिगायाकडे दिला.

"तू वाच. माझे डोळे आज ठीक नाहीत."

अर्ज मोठ्या, थरथरत्या अक्षरांत भरलेला होता. लिगायाने एकेक रकाना वाचला.

नाव, थेरॉन ब्रॉसार्ड. वय, सत्तर. गाव, ओपलूसासजवळ, लुइझियाना. या किल्लीबद्दल कसं कळलं? 'भाचीच्या मुलीने फोनवर माझं नाव शोधलं. म्हणाली, आजोबा, तुम्ही ओकलंडमध्ये वारला आहात.' वर्षभरात काय करायचा विचार आहे? 'अर्धी राहिलेली एक गोधडी आहे.' किल्ली तुम्हालाच का मिळावी? 'मी फार उदार आणि प्रेमळ होतो असं तुमच्या पानावर छापलं आहे. माझी खात्री नाही. येऊन बघायचं आहे.'

एफ्रेनने छातीवर क्रूस काढला आणि मग त्याला एकदम हसू फुटलं. ते दाबायला त्याने तोंडात पाव कोंबला.

"नियमात कुठे लिहिलंय का," तो म्हणाला, "की मेलेल्यांनी अर्ज करू नये?"

"नाही," लिगाया म्हणाली. "वयाची अट नाही, एवढंच लिहिलंय."

व्हर्डेलने कापडाचा चौकोन पुन्हा उचलला होता. लाल टाक्यावर अंगठा ठेवून ती उभी होती. मग चौकोन छातीशी न धरता, नीट चार घड्या करून तिने टेबलावर ठेवला, मोरीवर गेली आणि साबणाने हात धुतले, नवी गोधडी शिवायला घेताना धुवायची तसे, कोपरापर्यंत.

"नंबर दिलाय का त्याने?"

फोन बराच वेळ वाजत राहिला.

"थेरॉन," ती म्हणाली.

"हं."

इतकी वर्षं ते नाव उच्चारलं की उत्तर तिच्या पाठीमागून यायचं. आज ते कानात आलं. तिने एका हाताने खुर्चीची पाठ धरली.

"तुझा धावदोरा अजून डावीकडे तिरका जातो," ती म्हणाली.

"एक डोळा गेलाय."

"दोन होते तेव्हाही जायचा."

"तू फोन करशील असं वाटलं नव्हतं. म्हटलं, नकाराची चिठ्ठी येईल."

"सरळ पत्र लिहायला काय झालं होतं तुला?"

"मेलेल्या माणसाने पत्राची सुरुवात काय करायची? अर्जाला बरं असतं. रकाने असतात. रकाना दिसला की माणूस भरतो."

व्हर्डेल हसली, आणि हसताहसता तिने एफ्रेनला खुणेने कागदी रुमाल मागितला.

तीन रात्रींचा रेल्वेचा प्रवास करून तो सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी जॅक लंडन चौकातल्या स्टेशनवर उतरला. विमानात बसायचा नाही, तेव्हाही बसत नव्हता. लिगायाने गाडी आणली होती. तिला वाटलं होतं दोघं मिठी मारतील, रडतील, म्हणून ती गाडीचं दार पुसत मागेच थांबली. प्रत्यक्षात तो काठी टेकत आला, व्हर्डेलला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि बगलेतलं बुटाचं खोकं तिच्या हातात दिलं.

"पेकानचे दाणे आहेत. आमच्या परसातले. फोडून आणलेत, तुझे दात राहिलेत की नाही माहीत नव्हतं."

"तू बारीक झालास."

"मेलेला माणूस आणखी काय होणार?"

मग व्हर्डेलने खोकं गाडीच्या टपावर ठेवलं आणि त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. ती सरळच होती. ती तरी पुन्हा केली.

साइड डोअरला एफ्रेनने खोली झाडून ठेवली होती. थेरॉनने दारावरची पाटी वाचली, टेबलावरची काळी चिकटपट्टी मागून घेतली, दातांनी तुकडा तोडला आणि 'स्मृती' या शब्दावर लावला. लांब जाऊन बघितलं.

"आता बरं दिसतं."

मग तो अंगणात आला. लिंबाचं झाड त्याने ओळखलं, आणि त्याच्यापाशी जाताना काठीचा वेग मंदावला. लिगाया आणि व्हर्डेल दारातच थांबल्या. त्याने खोडावर हात ठेवला. एक पिवळं पान खुडून उजेडात धरलं. वाकून आळ्यातल्या मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून वास घेतला आणि मागे वळून बघितलं.

"याला बुडवतंय कोण?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"मुळं कुजायला लागलीयत. रोज किती पाणी घालता?"

"एकतीस पेले," लिगाया म्हणाली.

"एकतीस?"

"माणशी एक," व्हर्डेल म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं. तो पायरीवर बसला, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून. व्हर्डेल त्याच्या शेजारी बसली. लिगाया आत चहा करायला गेली, पण खिडकी उघडी होती आणि अंगण लहान होतं.

"पाकिटावर अर्लीनने लिहिलं होतं," तो म्हणाला. "बहिणीने. मला तू फोनवर सांगितलंस तेव्हा कळलं; ती तर गेल्या वर्षीच गेली. तिला लोकांची लाज वाटायची. पण दोन वर्षं तिनेच मला भरवलं, विहान. उचलून अंघोळ घातली. मग नव्या गोळ्या आल्या आणि मी उठलो. दोन्ही तिनेच केलं. काय करायचं त्याचं, मला अजून उमगलेलं नाही."

व्हर्डेलच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. विहान. तिचं ते नाव फक्त तो घ्यायचा, आणि का ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"मी तिकीट काढलं होतं," ती म्हणाली. "तुला भेटायला. काढलं आणि आले नाही."

"ऑपरेशनमुळे?"

"आधीच. भीतीने."

त्याने काठीवरची पकड बदलली. गल्लीतला रेडिओ आज बंद होता.

"बरं झालं," तो शेवटी म्हणाला. "आली असतीस तर अर्लीनने जेवायला बसवलं असतं. तिचा भात तू खाल्लेला नाहीस."

व्हर्डेलने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. खिडकीतून लिगायाला ती हसतेय की काय ते नक्की कळेना.

"उद्यापासून तीस," थोड्या वेळाने व्हर्डेल म्हणाली. "लिगाया म्हणणार आहे. तुझं नाव काढायला सांगते तिला."

"कोणानंतर घेतेस माझं?"

"पर्सीनंतर."

"मग राहू दे. त्याला एकटं कुठे जायला कधीच आवडलं नाही."

चहाची किटली ओरडायला लागली होती. लिगायाने शेगडी विझवली, तरी बाहेर यायला तिने आणखी जरा वेळ लावला.

पहिल्या तारखेला सकाळी धुकं होतं. नेहमीपेक्षा माणसं जास्त होती, दहा-बारा. लिगायाने मध्यभागी बादली ठेवली, पण पेला नव्हता. तिच्या हातात साधा पोह्यांचा चमचा होता, स्वयंपाकघरातला. आदल्या संध्याकाळी तो थेरॉनने दिला होता. व्हर्डेलने चमच्याकडे बघितलं, मग झाडाकडे. ती पहिल्यांदाच मागच्या रांगेत उभी होती, उत्तर देणाऱ्यांत, थेरॉनच्या शेजारी. हातांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

लिगायाने पहिलं नाव घेतलं. चमचाभर पाणी मातीवर पडलं आणि लगेच जिरलं.

"इथेच आहे," सगळे म्हणाले.

ती सावकाश जात होती. दुसरा हात खिशात होता आणि खिशाचं कापड हलत होतं. व्हर्डेलचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, अर्धा श्वास पुढे, पण आवाज नव्हता.

"पर्सी."

"इथेच आहे." त्यात थेरॉनचा आवाज होता. तो जरा लांबला.

लिगायाने चमचा भरला. तिने मागे वळून बघितलं नाही.

"थेरॉन."

कोणी उत्तर दिलं नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि आपण बघत नाही असं दाखवत होते. थेरॉनने घसा खाकरला. शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा तो आधी बुटांकडे बघत राहिला.

"इथेच आहे," तो म्हणाला.

एफ्रेनने जोरात नाक शिंकरलं. लिगाया पुढे गेली. अठ्ठाविसावं नाव आलं आणि गेलं. एकोणतीस, तीस, एकतीस. एकही चुकलं नाही. तिने खिशातला हात बाहेर काढला आणि चमचा बादलीच्या कडेला टेकवला.

"झालं," ती व्हर्डेलला म्हणाली, परीक्षेचा पेपर दाखवावा तशी.

"एक राहिलं," थेरॉन म्हणाला.

लिगायाचा चेहरा उतरला. ती मनात पुन्हा मोजायला लागली. तेवढ्यात तो काठी टेकत पुढे आला आणि त्याने तिच्या हातातून चमचा घेतला.

"तुझ्या यादीतलं नाही. माझ्या." तो व्हर्डेलकडे वळला. "तुझं शेवटचं पत्र आलं ते इस्पितळातून. मग दुसरं आलंच नाही. मी तरी कोणाला विचारणार होतो? मला वाटलं, ही पण गेली. आमच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला कबरी धुऊन दिवे लावतात. तुझी कबर कुठे आहे ते माहीत नव्हतं, म्हणून आईच्या कबरीवर मी दोन लावायचो, आईचा एक आणि तुझा एक. गेल्या वर्षापर्यंत लावला."

व्हर्डेल एक पाऊल पुढे आली.

"मग पोरीने ते पान दाखवलं. वर माझं मेल्याचं लिहिलेलं, आणि खाली तुझा फोटो, हसताना."

त्याने चमचा भरला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. पाणी आळ्यात पडलं.

"विहान," तो म्हणाला.

ते नाव कोणाचं हे लिगायाशिवाय बाकी कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ती बादलीकडे बघत राहिली, त्यामुळे उत्तर तिच्यासाठी कोणी देणार नव्हतं. व्हर्डेलने इतक्या वर्षांत हजारो वेळा ते दोन शब्द म्हटले होते, दर वेळी दुसऱ्या कोणासाठी. आता ते ओठांशी यायला वेळ लागला.

"इथेच आहे," ती म्हणाली. आणि मग, त्याच्या हातातला चमचा काढून घेत, "बास आता. बुडेल ते झाड."